आपण आज, आपण उद्या

आमच्या घरी रविवारी दोन गोष्टी यायच्या, मासळी आणि इंग्रजी शब्द. मासळी घेऊन यायची यशोदामावशी, खाडीकाठच्या कोळीवाड्यातून, डोक्यावर टोपली आणि तोंडात सगळ्या बिल्डिंगच्या चौकशा. शब्द आणायचे बाबा, त्यांच्या जाडजूड डिक्शनरीतून. आई मासे साफ करत असायची तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेल्या काळ्या फळ्यावर खडूने तो शब्द लिहायचे. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे त्यांचं अक्षर छापल्यासारखं यायचं आणि 'दूध संपलं' एवढं लिहिलं तरी ते सरकारी वाटायचं. नियम असा होता की आठवडाभर तो शब्द घरातल्या तिघांनी बोलण्यात वापरायचा, आणि शनिवारी ज्याचा वापर सगळ्यांत चपखल ठरेल त्याला दुसऱ्या दिवशी सुरमईचा मधला तुकडा. परीक्षक बाबा. स्पर्धकही बाबा. "न्यायाधीशानेच मासा खाल्ला," असं आई दर रविवारी म्हणायची आणि तरी पुढच्या सोमवारी नव्या जोमाने उतरायची. 'कॅटॅस्ट्रॉफी' हा शब्द आला त्या आठवड्यात आमच्याकडे इतकं दूध उतू गेलं की आई मुद्दाम करते आहे असा मला संशय होता.

डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली बिल्डिंग होती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी नववीत होते. जिन्यात सकाळी फोडण्यांचे वास, दुपारी शिवणयंत्रांचे आवाज, संध्याकाळी सगळ्यांचे रेडिओ एकाच स्टेशनवर, त्यामुळे खालून वर येईपर्यंत बातम्या न चुकता ऐकून व्हायच्या. आईचं नाव वसुधा, पण बिल्डिंगमध्ये ती 'मंजूची आई' होती आणि पत्रांवर 'सौ. सामंत'. तिने आधी पापड करून पाहिले होते, मग फॉल-बिडिंग करून पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी तिला उत्तम जमायच्या आणि दोन्हींचा तिला मनस्वी कंटाळा होता. मग एके दिवशी ती ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका बाईंकडे ब्यूटिशियनचा कोर्स करायला जाऊ लागली. जाताना चेहऱ्यावर गंभीर भाव असायचे आणि येताना ती जिन्यात गुणगुणत यायची. मी तिला गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

कोर्सच्या दिवसांत आमच्या घरातलं काही सुरक्षित नव्हतं. थ्रेडिंगचा सराव ती स्वतःच्या पोटरीवर करायची. दोऱ्याचं एक टोक दातांत, दोन बोटांत फास, आणि तोंडातल्या तोंडात "अगं आई गं" असं बारीक चालू. वॅक्स घरीच करायची, साखर आणि लिंबू आटवून. मी शाळेतून आले, पातेल्यात सोनेरी पाक दिसला, आज शंकरपाळे, असं समजून मी बोटभर चाटला, आणि तो चांगला लागला म्हणून पुन्हा चाटला. आई धावत आली तोवर माझी बोटं एकमेकांना चिकटली होती. पपई फळ म्हणून खायची की चेहऱ्याला लावायची हे रोज संध्याकाळी विचारून घ्यावं लागायचं. बेसन, दही, मसूरडाळ, काकडी, सगळ्यांनी पक्षांतर केलं होतं. बाबा जेवायला बसले की ताटातल्या कोशिंबिरीकडे बोट दाखवून विचारायचे, "ही आतून घ्यायची ना?"

कोर्स संपला आणि सर्टिफिकेट आलं. त्यावर 'वसुधा' असं लिहिलं होतं, फक्त तिचं नाव मोठ्या अक्षरात. आईने ते फ्रेम केलं. मग बाल्कनी प्लायवूडने बंद करून घेतली, आरसा बसवला, आणि कल्याणचा एक सलूनवाला दुकान बंद करत होता त्याच्याकडून त्याची खुर्ची घेतली. हातगाडीवरून ती खुर्ची आमच्या दारात आली तेव्हा सगळी बिल्डिंग गॅलरीत होती. मागेपुढे होणारी, गोल फिरणारी, मान टेकायला उशी असलेली, आणि कितीही पुसली तरी दाढीच्या साबणाचा वास न सोडणारी. पहिल्या रात्री आम्ही तिघंही पाळीपाळीने तिच्यात बसून फिरलो. बाबा इतके फिरले की त्यांना धरून पलंगावर न्यावं लागलं. मला वाटतं आमच्या घराच्या इतिहासात त्याहून आनंदाची वस्तू आली नाही, टीव्ही धरून.

राहिलं नाव.

"रूपाली ठेवू," आई म्हणाली.

"रूपाली, सोनाली, दीपाली. प्रत्येक गल्लीत एक आहे," बाबा म्हणाले. "नावातून कळायला हवं आत काय होतं ते."

"आत भुवया होतात."

"भुवया नव्हे, वसुधा! आत बदल होतो."

आणि ते डिक्शनरी घेऊन बसले. इंग्रजीत बदलाला किती शब्द आहेत हे मला त्या संध्याकाळी कळलं आणि ते सगळे आमच्या पार्लरला कसे चालणार नाहीत हेही. 'चेंज' नको, उशीचा अभ्रा काढून दुसरा घातला तरी चेंज. 'आल्टरेशन' नको, तो शिंप्याचा शब्द, पँटीची उंची कमी करण्याचा. 'रेव्होल्यूशन' बाबांना फार आवडायचा, पण त्यांच्या कारखान्यात युनियनवाले ते दर सोमवारी आणणार होते आणि अजून आलेलं नव्हतं. 'ट्रान्सफॉर्मेशन' जवळजवळ ठरलाच होता. पण आई म्हणाली, "हे ऐकलं की मला ठाकुर्लीचं पॉवर हाऊस आठवतं. बायकांना वाटेल इथे शॉक देतात." शेवटी बाबा उठले, फळा पुसला आणि एकेक अक्षर चवीने काढत त्यांनी लिहिलं, मेटामॉर्फॉसिस. 'मेटा' म्हणजे पलीकडे, 'मॉर्फ' म्हणजे रूप. या शब्दाचा मान मोठा, असं त्यांनी आम्हाला समजावलं. सर्दी बरी झाली तर हा वापरायचा नाही. घराला रंग काढला तरी नाही. रूपच मुळापासून बदललं, मागचं रूप शोधूनही सापडेना, तरच. "सुरवंटाचं फुलपाखरू. बेडकाच्या पिल्लाचा बेडूक."

"बाबा, बेडूक नको," मी म्हणाले.

"बेडूक नको," त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं.

आज हा शब्द कुणीही कशालाही वापरतं. कंपनीने लोगो बदलला की मेटामॉर्फॉसिस, नाक्यावर सिग्नल आला की शहराचं मेटामॉर्फॉसिस. माझी सून 'मेकओव्हर' म्हणते, भाची 'ग्लो-अप' म्हणते, आणि दोघींना मी आमच्या फळ्याचे नियम सांगायला लागले की दोघी मोबाइल बघायला लागतात. पण त्या आठवड्यात आमच्या घरात तो शब्द फार नीट वापरला गेला. इडलीचं पीठ रात्रभरात फुगून डब्याबाहेर आलं तेव्हा आईने झाकण उचलून तो उच्चारला. बाबांनी न मागता तिला सुरमईचा मधला तुकडा जाहीर केला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

मग बाबांनी जाहिरातीचा कागद केला. इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल की ड्राफ्ट्समन माणसाला अंदाजे काढता येत नाही. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर डावीकडे सुरवंट काढला, मध्ये कोश, उजवीकडे फुलपाखरू. फुलपाखरू बरं होतं. पण सुरवंट! त्याचा एकेक केस वेगळा होता. त्याला पोटाखाली ते बुटके पाय होते, जाडसर वळ्या होत्या, तोंडाशी जबडे होते. सुरवंटाखाली त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'आपण आज'. फुलपाखराखाली लिहिलं, 'आपण उद्या'. आणि मधून बाण. आईने तो कागद पाहिला तेव्हा ती फोडणी घालत होती, तिने फक्त "छान आलंय हं चित्र" असं म्हटलं. हा एक क्षण तिला नंतर फार छळत असे. बाबांनी साहेबांना विचारून कारखान्यातल्या मशीनवर त्याच्या अमोनिया प्रिंट काढून आणल्या, निळ्या रेघांच्या, आणि डोळ्यांत पाणी आणणाऱ्या त्या उग्र वासाच्या. ब्यूटी पार्लरचा कागद मुतारीसारखा वास मारत होता. मी तो घरोघर दाराच्या फटीतून सरकवला. तेच मोठं चित्र रंगवून आमच्या दारावरही लागलं.

पहिली प्रतिक्रिया यशोदामावशीची. टोपली खाली ठेवून ती दारासमोर कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"कय गो बाय, यो किरा कला कारलाय?"

आईने समजावलं की हा किडा म्हणजे आपण, आणि इथे येऊन गेलं की त्याचं असं पाखरू होतं. मावशी खदखदून हसली. "माजा पाखरू झाला तं मासली कोन ईकल?" असं म्हणून तिने आईच्या पदरात दोन बोंबील जास्तीचे टाकले. तिला मुळीच राग आला नाही. पण मावशी आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नव्हती.

बिल्डिंगमध्ये राहत होत्या सबनीसकाकू, तळमजल्यावर. हळदीकुंकू असो, भोंडला असो की पाण्याच्या टाकीची सफाई, काकूंनी ठरवलं की ठरलं. उंच, भारदस्त, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचा कुकर गप्प व्हावा. त्याच संध्याकाळी त्या तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून आमच्या दारात आल्या. मागे जिन्यावर आणखी चारपाच जणी.

"मंजूची आई," त्या म्हणाल्या, "हा सुरवंट म्हणजे मी का गं?"

आई पदराला हात पुसत पुढे आली. आणि नेमके बाबा बाहेर आले. मी पाहिलेल्या माणसांत इतक्या चांगल्या हेतूने इतकं नुकसान करणारा माणूस दुसरा नाही.

"वहिनी, सुरवंट हा अपमान नाही!" बाबा उत्साहाने म्हणाले. "ती अवस्था आहे. निसर्गातली अत्यंत महत्त्वाची अवस्था. सुरवंट सारखा खात असतो, कारण त्याला पुढच्या बदलाची तयारी करायची असते."

"सारखा खात असतो," काकू म्हणाल्या.

"हो! आणि मग कोशात गेल्यावर त्याचा आतून पार लगदा होतो. संपूर्ण लगदा. त्यातून नवीन..."

"अहो, पुरे," आई म्हणाली.

"चला गं," काकू म्हणाल्या. त्यांनी कागदाची व्यवस्थित चौपट घडी घातली, आमच्या उंबऱ्यावर ठेवली आणि सगळ्या जणी रांगेने खाली उतरल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईने दारावरचं चित्र काढून पलंगाखाली ढकललं, पण पलंगाखाली ढकललेल्या गोष्टी बिल्डिंगला पाठ असतात.

मग कुणी येईना. गणपती गेले, पितृपक्ष गेला. आई रोज दुपारी बाल्कनी झाडायची, आरसा पुसायची, दोऱ्याचं रीळ जागच्या जागी ठेवायची आणि त्या खुर्चीत बसून तांदूळ निवडायची. जिन्यात भेटलेल्या बायका हसायच्या, पण वरवरचं. पोरंसोरं मला 'ए सुरवंट' म्हणायची. बाबांनी फळ्यावर नवा शब्द लिहिणं बंद केलं. एके दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दसऱ्यापर्यंत बघते. दसऱ्यानंतर खुर्ची कल्याणला परत पाठवून द्या. सर्टिफिकेटही काढून ठेवीन." ती रडली असती तर बरं झालं असतं. ती साध्या आवाजात बोलली, दळण आणायला सांगावं तसं, आणि बाबांचा घास हातातच राहिला. गुणगुणणं तर केव्हाच थांबलं होतं. मला त्या वयात पार्लरचं विशेष काही नव्हतं, पण ते गुणगुणणं मला परत हवं होतं, फार हवं होतं.

नवरात्रात बिल्डिंगचा भोंडला असायचा, गच्चीवर, संध्याकाळी. पाटावर रांगोळीचा हत्ती, त्याभोवती फेर, गाणी, आणि शेवटी खिरापत. आता कुणाला सांगावं लागतं म्हणून सांगते, खिरापत झाकून आणायची असते आणि बाकीच्यांनी ती ओळखायची असते. ओली की कोरडी, गोड की तिखट, तळलेली की उकडलेली. ओळखली नाही तर जिची खिरापत तिची कॉलर ताठ. दरवर्षी दोन घरांची खिरापत असायची आणि त्या वर्षी दुसरी पाळी आमची होती. आई म्हणाली, मी येणार नाही, मंजूबरोबर वाटली डाळ पाठवते.

"वाटली डाळ सगळ्या ओळखतात," बाबा म्हणाले. ते बराच वेळ गप्प होते, आणि ते गप्प असले की आम्हाला धाकधूक व्हायची. "खिरापत म्हणून मी येतो."

आईने कपाळाला हात लावला. पण बाबा पेटले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दुपारी घरी आले, शर्ट काढून बनियनवर त्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अर्धाच चेहरा कर. उजवा. डावा आहे तसा ठेव."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"तेच तर ऐकायचंय."

आधी आई नुसती चाचपडत होती. मग तिचे हात सुरू झाले आणि ती बाबांना विसरली. वाफ दिली, चेहरा चोळला, ब्लीच लावलं, मुलतानी मातीचा लेप नाकाच्या बरोबर मधोमध रेघ मारून थांबवला. ड्राफ्ट्समनच्या बायकोला शोभेल अशी रेघ. बाबांच्या भुवया म्हणजे दोन केरसुण्या होत्या. उजव्या केरसुणीवर दोरा फिरला मात्र, बाबा खुर्चीसकट वर उडाले. "आई आई आई गं! बायका हे दर महिन्याला करतात? स्वतःहून?" आई हसायला लागली. दातांत दोरा, त्यामुळे तिला हसता येईना, आणि हसू आवरेना, आणि तिचा हात थरथरला की बाबा आणखी ओरडायचे. खालून कुणीतरी विचारलं, "सामंतांकडे काय झालं?" शेवटी तिने अर्ध्या मिशीला कलप लावला. बाबांनी आरशात पाहिलं, चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला, आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "दोन माणसं राहतायत आत."

संध्याकाळी गच्चीवर फेर संपला, पहिल्या घरची खोबऱ्याची वडी ओळखून झाली, आणि मी सोलापुरी चादर डोक्यावरून पायापर्यंत पांघरलेली एक आकृती हाताला धरून जिन्यातून वर आणली. मागे आई. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. चादरीखालून बाबांच्या चपला दिसत होत्या, पण ओळखून न ओळखणं हा भोंडल्याचा शिष्टाचार आहे.

"ओळखा खिरापत," मी म्हणाले.

सगळ्या सबनीसकाकूंकडे बघत होत्या. काकू हाताची घडी घालून उभ्या. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या पेंडसे आजी, ज्या खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि ज्यांना या भांडणाचं फारसं ऐकूच आलेलं नव्हतं, त्यांनी रीतसर विचारलं, "ओली की कोरडी?"

मी आईकडे पाहिलं. आईने पदर खोचला. "ओली होती," ती म्हणाली, "आता सुकलीय."

"गोड की तिखट?"

"घरी तिखट. बाहेर गोड."

कुणीतरी खुसकन हसलं. "तळलेली की उकडलेली?" दुसरीकडून आलं.

"वाफवली," आई म्हणाली, आणि तिच्या गालांवर रंग परत आला. "मग चोळली, मग लेप दिला. खूप ओरडत होती."

आता सगळीकडून प्रश्न यायला लागले. जुनी की ताजी? शिजायला किती वेळ लागतो? सालासकट का? आई एकेकीला उत्तर देत होती आणि तिच्या प्रत्येक उत्तराला गच्चीवर हशा उसळत होता. माझ्या आईला इतकं बोलता येतं हे बिल्डिंगला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मग बाबांनी आतल्या उकाड्याला कंटाळून स्वतःच चादर फेकली.

ते आधी चेहऱ्याची डावी बाजू दाखवत उभे राहिले. "हा सुरवंट," म्हणाले. मग उजवी बाजू दाखवली. "हे फुलपाखरू." मग समोर तोंड करून उभे राहिले, आणि ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक भुवई जंगल, एक भुवई कमान. अर्धा चेहरा उन्हाने रापलेला, अर्धा तुकतुकीत. अर्धी मिशी पिकलेली, अर्धी कुळकुळीत काळी. त्यांनी हात जोडले. "वहिनी, त्या कागदावर 'आपण आज' लिहिलं होतं ना, ते माझ्याबद्दल होतं. छापताना पत्ता चुकला. माफी असावी."

बायका हसल्या. हसून हसून पदर तोंडाला लावून कठड्याला टेकल्या, एक जण रांगोळीच्या हत्तीवर बसली. पेंडसे आजींनी बाबांना खाली वाकायला लावलं, बोटांनी दोन्ही गाल चाचपले आणि निकाल दिला, "ही बाजू आमच्या ह्यांची. ही बाजू माझ्या नातवाची." मग सगळ्याच पुढे आल्या. एरवी ज्या बाबांना पाहून जिन्यात अंग चोरायच्या त्या त्यांची भुवई जवळून बघत होत्या, आईला विचारत होत्या, दोरा कुठला, लेपात काय घातलंस. फक्त सबनीसकाकू जागच्या हलल्या नाहीत.

"आणि दुसरी बाजू कधी करणार?" कुणीतरी विचारलं.

"तुमच्यातली पहिली त्या खुर्चीत बसेल तेव्हा," बाबा म्हणाले. "तोवर मी असाच कारखान्यात जाणार."

आईला हे नवीन होतं. मलाही. बहुतेक बाबांनाही.

पण गेले की! दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन ते जिना उतरले तेव्हा प्रत्येक मजल्यावर दार किलकिलं होतं. कारखान्यात काय झालं ते त्यांनी आम्हाला संध्याकाळी पोट धरधरून सांगितलं. युनियनवाल्याने विचारलं, हा कुठल्या मागणीसाठीचा निषेध? साहेबांनी विचारलं, सामंत, डॉक्टरला दाखवलंत का? बाबा मजेत होते. आई मात्र कासावीस. "अहो, येऊ द्या इकडे, करून टाकते दुसरी बाजू. कुणी येणार नाही. हसल्या म्हणजे काय बसल्या?" तिचं बरोबर होतं. बिल्डिंगमध्ये पुन्हा बोलचाल सुरू झाली होती, वाट्या-डबे पुन्हा फिरू लागले होते, पण काकू अजून बसल्या नव्हत्या आणि काकूंच्या आधी बसण्याची कुणाची छाती नव्हती. दसरा आला. बाबा त्याच चेहऱ्याने सोनं वाटून आले. आईने सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवलं. कल्याणला निरोप धाडायचा तेवढा राहिला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सामसुमीत, बेल वाजली. मी आतल्या खोलीत भूगोल करत होते. दारात सबनीसकाकू.

"भावजींची दया येते म्हणून आले," त्या म्हणाल्या. "बाकी काही नको मला. फुलपाखरूबिलपाखरू तर मुळीच नको. भुवयांचं काय ते बघ."

आईने त्यांना बसवलं. खुर्ची मागे झाली त्याचा करकर आवाज आला. मग दोऱ्याची ती बारीक चरचर. मग मला हुंदक्यासारखं ऐकू आलं. मी दाराआडून पाहिलं. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही बाजूंनी, कानांत जात होतं.

"दुखलं का वहिनी? पहिल्यांदा येतंच पाणी," आई म्हणाली.

"दुखलं नाही गं." काकूंचा तो तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा आवाज अगदी लहान झाला होता. "माझ्या तोंडावरून असा कुणी हात फिरवून किती वर्षं झाली. आई गेल्यापासून नाहीच. मी सगळ्यांचं करते, सगळ्यांना बोलते. मला कुणी हात नाही लावत." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "थांबू नकोस."

आईने दोरा खाली ठेवला. भुवया झाल्याच होत्या. तिने बोटं तेलात बुडवली आणि काकूंच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीखालून, अगदी हलके, फिरवत राहिली. आणि मग तिने गुणगुणायला सुरुवात केली. मी भूगोलाच्या पुस्तकात तोंड घालून रडले. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता येतं. मला माझ्या आईचा अभिमान वाटला होता, आणि तो पोटात मावत नव्हता.

बाबा त्या दिवशी लवकर आले. मी आवाज होऊ नये म्हणून दार ओढून घेऊन बाहेर जिन्यात गेले. दाराशी काकूंच्या चपला बघून ते वरच्या पायरीवरच थबकले.

"आत कोण?"

"सबनीसकाकू. रडतायत."

त्यांचा चेहरा दोन्ही बाजूंनी उतरला. "भुवई गेली का?"

"नाही. बरं वाटतंय त्यांना. आई नुसता हात फिरवतेय तोंडावरून. गुणगुणतेय."

बाबा खाली पायरीवर बसले. मीही बसले. आतून आईचा आवाज येत होता, तळहातांनी चेहरा थोपटल्याचा आवाज येत होता, आणि एकदा काकूंचं भिजलेलं हसू. खालच्या मजल्यावर एक दार उघडलं, कुणीतरी वर डोकावून त्या चपला पाहिल्या आणि धावत आत सांगायला गेलं. मी वाट बघत होते की आता बाबा तो शब्द उच्चारतील. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"मंजू," शेवटी ते हळूच म्हणाले, "याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नाही गं."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पाणी होतं. वरच्या मजल्यावरून पेंडसे आजींची काठी एकेक पायरी उतरत येत होती. आमच्यापाशी येऊन त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि काठीने बाबांना ढोसून म्हणाल्या, "सरक रे सामंता. नंबर लावायचाय."